नाकाखालचा बाम

“आत्या, दिवसभर परक्या लोकांची घाण काढून आल्यावर तुझ्या घशाखाली घास उतरतो तरी कसा?”

प्रश्न माझा नव्हता. टिंगी आणि चष्मा या माझ्या वर्गातल्या दोघी गणिताच्या नावाखाली आमच्याकडे आल्या होत्या, आणि हे तुझ्या आत्याला तोंडावर विचारून दाखव, अशी त्यांनी पैज लावली होती. ‘तुला नाही जमायचं’ असं टिंगी म्हणाली. ती तसं म्हणाली नसती तर मी कदाचित विचारलंही नसतं.

आत्या नुकतीच ड्युटीवरून येऊन टेबलाशी बसली होती. अर्धं उकडलेलं अंडं तिच्या तोंडात होतं. तिने ते शांतपणे चावलं, गिळलं, वर पाणी प्यायली.

“असा,” ती म्हणाली. “पुढचा प्रश्न? की तिघींत मिळून एवढीच हिंमत आहे?”

चष्मा चाचरत म्हणाली, “म्हणजे... उलटी नाही होत का?”

“होते की. पहिल्या दिवशी मास्कमध्येच झाली. मास्क खाली ओढायलाही वेळ मिळाला नाही. आता डोळे मीट आणि कल्पना कर.”

चष्माने कल्पना केली. तिच्या हातातलं बिस्कीट तिने गुपचूप वहीवर ठेवून दिलं.

“वन्सं, पोरींना जेवायच्या टेबलावर काय सांगताय?” स्वयंपाकघरातून आई.

“विचारलं तेच सांगतेय, वहिनी. तुमच्याच लेकीने विचारलं.”

“विचारणारच. घरभर वास मारतोय, तर पोरं विचारणार नाहीत?”

आणि खिडकीजवळच्या खुर्चीतून आजोबा, मान न वळवता, “ती आली की येतोच. दारात पाऊल पडलं की मला कळतं.”

आत्याने दुसरं अंडं घेतलं, त्यावर मीठ टाकलं आणि सगळ्यांच्या देखत खाल्लं. पैज मी जिंकले, पण टिंगी आणि चष्मा त्यानंतर अभ्यासाला चष्माच्याच घरी बसू लागल्या.

वास होता, हे मात्र खरं. आत्याचा नर्सिंगचा कोर्स सुरू झाल्यानंतर दोन-एक महिन्यांनी आमच्या घरात एक वास आला आणि जायचं नाव घेईना. फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहून जावं, तसा. आई फुलांच्या वासाचा फवारा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायची. मग घराला कुणीतरी नासकी फुलं आणून ठेवल्याचा वास यायचा, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. बाबा तिला अजून ‘छोटे’ म्हणतात, जरी ती तिशी ओलांडून गेली. लग्न झालं नाही. ती आधी एका चपलांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. दुकान बंद पडलं तसा तिने कुणालाही न विचारता नर्सिंगला अर्ज केला आणि प्रवेश मिळाल्यावरच घरात सांगितलं. तेव्हापासून आजोबा, म्हणजे तिचे अप्पा, तिच्याशी सरळ बोलत नाहीत. ते पोस्टमास्तर होते. आजही रोज दाढी, रोज इस्त्रीचा शर्ट. “परक्या पुरुषांची अंगं पुसायला पाठवली होती का हिला शाळेत?” असं ते म्हणाले होते, तेसुद्धा तिला नाही, भिंतीला.

मग त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जोडलं गेलं, पण आजोबांचं चालणं मात्र संपलं. दिवस उगवला की बाबा त्यांना खुर्चीत बसवायचे, रात्री पलंगावर ठेवायचे. आठवड्यातून दोनदा न्हाणीतल्या स्टुलावर नेऊन बसवायचे आणि दार ओढून बाहेर उभे राहायचे. पुढचं सगळं आजोबा स्वतः करायचे. पाठीला कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. आणि पावडर इतकी लावायचे की उठवल्यावर खुर्चीत पांढरा गालिचा दिसायचा.

आता आत्याचं. तिला वास सोसत नाहीत, हे ऐकून कुणाला खरं वाटणार नाही, पण तसंच आहे. लहानपणापासून. कुणी बूट काढले तरी ही खोलीतून उठायची. मला तिने हे मागच्या अंगणात सांगितलं, युनिफॉर्म धूत असताना. आईने त्यासाठी वेगळी बादली दिली होती, लाल, आणि ती घरात आणायची नाही असा हुकूम होता.

“मग तू हा कोर्स घेतलासच कशाला?” मी विचारलं.

“चपलांच्या दुकानात काय अत्तर होतं?”

“ते नाही, खरं सांग.”

“मी वॉर्डात गेले की लोक माझ्याकडे बघतात. दुकानात पायांकडे बघायचे. झालं समाधान? पाणी ओत.”

मी पाणी ओतलं. मग ती खुलली आणि तिने मला युक्त्या सांगितल्या. बामची डबी खिशात. वॉर्डात शिरण्याआधी नाकपुड्यांच्या खाली एकेक बोट बाम, मग मास्क. फारच वाईट असेल तर मास्कमध्ये संत्र्याचं साल. बेडपॅन उचलताना श्वास तोंडाने. आणि ज्याचं काढतोय त्याच्याशी अखंड बोलत राहायचं.

“बोलताना नाक आपोआप बंद राहतं,” ती म्हणाली. “आणि पेशंटला वाटतं, बाई किती प्रेमळ. मागच्या आठवड्यात एका म्हाताऱ्याने मला मुलगी म्हटलं. मी त्याला रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल सांगत होते.”

“आणि मोठ्या सिस्टर? त्यांना चालतं?”

मोठ्या सिस्टर म्हणजे तिच्या वॉर्डाच्या प्रमुख. आत्या त्यांना भयंकर घाबरते आणि रोज त्यांची नक्कल करते. तिने लगेच मान ताठ केली, हात कमरेवर ठेवले. “‘काय हो बाई, नाकाला कुलूप लावून आलात? मग किल्ली घेऊन घरी जा. मला इथे नाकं लागतात. जखम बघायच्या आधी जखम कळली पाहिजे.’ दोनदा डबी काढून घेतली माझी. मी तिसरी आणली.”

ती हसली. मीही हसले. नाकाखाली तिचं कातडं बामने लालसर झालं होतं, सर्दी झाल्यासारखं.

खरी लढाई त्याच आठवड्यात पेटली. माझ्या मामाचं कुटुंब जेवायला आलं होतं आणि मामीने नुसतं एकदा नाक मुरडलं. बोलली काहीच नाही. पण ती गेल्यावर आईने टेबलावरची ताटं अशी गोळा केली की मला वाटलं, एकतरी फुटणार.

“मी आता स्पष्ट बोलते,” ती बाबांना म्हणाली, आत्या समोर असताना. “माझ्या माहेरची माणसं आता इथे पाण्यालासुद्धा थांबायची नाहीत. एक तर यांनी तो कोर्स सोडावा, नाहीतर राहायचं दुसरीकडे बघावं.”

“होस्टेलला गावातल्या मुलींना घेत नाहीत, वहिनी. मी विचारलंय.”

“मग सोडा.”

“मी रोज तिथे आंघोळ करते, इथे आल्यावर परत करते. माझे कपडे अंगणात, माझी बादली अंगणात. आता मीच तेवढी राहिलेय घरात. मीही अंगणात झोपू का?”

“नाटकं करू नका. वास येतो तर येतो म्हणायचं नाही?”

बाबा वर्तमानपत्राच्या मागे होते. आमचे बाबा भांडणात नेहमी वर्तमानपत्राच्या मागे असतात. ते नसेल तर औषधाच्या डबीवरचं वाचतात. “महिनाअखेर बघू,” ते आतून म्हणाले.

“काय बघायचंय?” आजोबा खिडकीजवळून म्हणाले. “सोड म्हणावं. ती यायच्या आधी या घराला कधी वास नव्हता.”

मी आत्याकडे बघत होते. आई कितीही बोलली तरी तिला उलट बोलता येतं, पण आजोबा बोलले की तिचं तोंड बंद होतं. ती उठली, लाल बादली उचलल्यासारखा हात केला, मग लक्षात आलं असावं की बादली बाहेर आहे. तशीच निघून गेली. महिना संपायला फार दिवस नव्हते. कोर्स सुटला तर तिला दुसरं काही नव्हतं. दुकानही उरलं नव्हतं.

त्यानंतर तिच्या वर्गाला आठवडाभराच्या शिबिरासाठी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलं. ती गेली त्या दिवशी आईने सगळे पडदे काढून धुतले, आत्याची गादी उन्हात टाकली, फरशा पुसल्या, दारं-खिडक्या सताड उघडल्या. भन्नाट वारा आत आला. संध्याकाळी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि लांब श्वास घेतला.

तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

वास होताच. उलट पडदे निघाल्यामुळे मोकाट फिरत होता. आईने लगेच फवारा काढला. दुसऱ्या दिवशी वास होता. तिसऱ्या दिवशी जरा जास्त होता. आता मला राहवेना. घरात जर चोर असेल आणि ज्याला चोर म्हणत होते तो गावातच नसेल, तर शोधायला नको? शाळेतून आल्यावर मी हुंगायला सुरुवात केली. चपलांचं कपाट. कचऱ्याचा डबा. न्हाणीची मोरी, जिथे मी अक्षरशः आडवी झाले. बाबांचे मोजे, त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. यातल्या प्रत्येकाला आपापला वास होता, पण तो नव्हता. तो बैठकीच्या खोलीत वाढायचा, खिडकीकडे गेलं की आणखी वाढायचा.

आजोबांच्या खुर्चीमागे पोचले तेव्हा मला पावडरचा वास आला, आणि पावडरच्या खाली तो.

“काय कुत्र्यासारखं हुंगतेस?”

“आजोबा, तुमच्या खुर्चीखाली काहीतरी मेलंय. उंदीर असेल. जरा पुढे सरका ना.”

“चालती हो.”

“एक मिनिट सरका फक्त.”

त्यांची काठी माझ्या पावलापासून वीतभर अंतरावर फरशीवर आपटली. आजोबा ओरडतात, त्याची आम्हाला सवय आहे. पण काठी कधी उगारली नव्हती. त्यांनी रेडिओ मोठा केला आणि बाहेर बघत राहिले. त्यांच्या मानेवर घाम होता, आणि खिडकीतून तर गार वारा येत होता.

मी स्वयंपाकघरात गेले. “आई, आत्या इथे नाहीये आणि वास आहे.”

“भिंतींत मुरलाय तो.”

“मग भिंतींना कोर्स सोडायला सांगूया का?”

त्यावर मला एक बसली. म्हणून पुढचं मी आईला सांगितलंच नाही.

शनिवारी आत्या परत येणार होती. मी कोपऱ्यावरच तिला गाठलं. पाठीवर पिशवी, डोळ्यांखाली काळं, पण चेहरा खूष. शिबिरात तिने पहिल्यांदा एकटीने जखम बांधली होती. ते ती सांगत होती आणि मी मधेच बोलले, कारण मला धीर नाही. खुर्ची, पावडर, काठी, मानेवरचा घाम, सगळं सांगून टाकलं.

आत्या चालता चालता थांबली. तिने पिशवी रस्त्यातच खाली ठेवली.

“गोड वास आहे? की आंबूस?”

“गोड. घाणेरडा गोड.”

“किती दिवस?”

“तुला माहीत नाही का? तूच तर रोज त्यांना गोळ्या देतेस. इतक्या जवळून. तुला कसा नाही आला?”

तिचा हात नाकाखाली गेला आणि तिने ते बोट माझ्यासमोर धरलं. चकचकीत होतं. बाम.

“घरीसुद्धा?” मी विचारलं. “घरी कशाला?”

“तुझी आई रोज म्हणायची, तुमचा वास येतो. अप्पाही म्हणायचे. मला वाटलं, येत असेल. मला माझाच नको होता.”

तिने पिशवी उचलली. उरलेला रस्ता आम्ही जवळजवळ पळत कापला. घरी आल्यावर ती सरळ न्हाणीत गेली आणि साबणाने नाक धुतलं. वरून, आतून, इतकं की डोळ्यांतून पाणी आलं. मग ती बैठकीच्या खोलीत जाऊन उभी राहिली आणि तिने श्वास घेतला. मला वाटलं होतं, ती पळत बाहेर जाईल. ती गेली नाही. तिने डोळे मिटले, इतकंच.

“अप्पा,” ती म्हणाली, “पाठ दाखवा.”

“हिला माझ्यापासून लांब ठेवा,” आजोबा म्हणाले. बाबा टेबलाशी होते, आई दारात. आजोबा दोघांकडे बघत म्हणाले, “आली तसा वास आला. बघितलंत ना? आत्ता आली आणि आला.”

“ती आठवडाभर नव्हती,” मी म्हटलं. “तेव्हाही होता.”

“तू गप्प बस,” आई म्हणाली, पण नेहमीच्या जोरात नाही.

“दादा, धर त्यांना,” आत्या बाबांना म्हणाली. “पलंगावर घेऊया. कुशीवर.”

बाबांनी एका बाजूने धरलं, आत्याने दुसऱ्या. आजोबांनी काठी घट्ट धरून ठेवली होती; ती पलंगापर्यंत फरफटत आली. त्यांना कुशीवर केलं आणि आत्याने शर्ट वर केला, पायजमा खाली सरकवला.

मी लिहू की नको असा विचार केला, पण इतकं लिहिते. माकडहाडावर, चमड्याची खुर्ची जिथे रोज टोचत होती तिथे, एक खड्डा होता. त्यात आजोबांनी पावडर भरली होती. पावडर ओली होऊन तिचा लगदा झाला होता आणि वर आईच्या शिवणाच्या डब्यातल्या कापडाची एक पट्टी होती. एकट्याने, हात मागे नेऊन, न बघता लावलेली.

बाबांच्या खिशात फोन वाजला. निदान ते तसं म्हणाले. “घेऊन येतो,” म्हणून ते बाहेर गेले. आईने पदर तोंडावर धरला, दोन पावलं पुढे आली आणि मग वळून मोरीकडे धावली. तिचं ओकणं आम्हाला ऐकू येत होतं.

“कुणीतरी धरायला पाहिजे,” आत्या म्हणाली. तिने कुणाकडेही बघितलं नव्हतं.

“पोरीसमोर नको,” आजोबा उशीत म्हणाले.

“दुसरं कुणी नाहीये, अप्पा.”

मी पलीकडच्या बाजूने गेले आणि त्यांचा खांदा व कंबर धरली. त्यांचं तोंड माझ्या पोटाशी आलं. मी आत्याच्या सगळ्या युक्त्या आठवल्या. तोंडाने श्वास घेतला, आणि लगेच कळलं की ती युक्ती वाईट आहे. वास आता जिभेवर आला होता.

“आत्या, बाम दे.”

“नाही.”

“मला उलटी होणार आहे.”

“नाकानेच घे. मोठा घे. पळून जाऊ नकोस त्याच्यापासून. थोडा वेळ फार वाईट असतं, मग नाक स्वतःच कंटाळतं.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझं आत्ता तेच चाललंय.”

मी बघितलं तर तिचा चेहरा हिरवट झाला होता आणि हात मात्र चालत होते. उकळून गार केलेलं पाणी, पिशवीतला कापसाचा गठ्ठा, कापड. ती लगदा थोडा थोडा काढत होती. आजोबा कण्हले नाहीत. ती बोलतही नव्हती, वॉर्डात बोलते तशी. रस्त्यावरचे खड्डे नाहीत, हवा नाही, काही नाही. मी नाकाने श्वास घेत राहिले. खरंच फार वाईट होतं. मग जरा कमी वाईट झालं.

“कधीपासून?” तिने विचारलं.

आजोबा म्हणाले, “तू त्या कोर्सला जायला लागलीस त्याच्या थोडं नंतर.”

“कुणाला सांगितलं का नाहीत?”

“तू बघितलं असतंस.”

“मग काय झालं असतं?”

“असं,” ते म्हणाले. त्यांचे डोळे माझ्या फ्रॉकच्या बटणावर होते. मग ते हळूच म्हणाले, “तुझ्या नावावर खपत होतं. म्हणून गप्प बसलो.”

आत्याचा हात थांबला. मला वाटलं, आता ती बोलेल. माझ्याकडे तर बोलायला खूप होतं, माझ्या तोंडात वाक्यंच्या वाक्यं तयार होती. तिने कापूस बदलला आणि पुन्हा कामाला लागली.

डॉक्टर त्याच दिवशी येऊन गेले. मेलेलं मांस त्यांनी कापून काढलं, औषधं लिहिली. रोज सकाळ-संध्याकाळ ड्रेसिंग, खुर्ची बंद, आणि दर थोड्या वेळाने कूस बदलायची. जाताना त्यांनी विचारलं, “घरात कुणाला जमेल हे?” आणि बाबांनी अभिमानाने आत्याकडे बोट केलं. त्याच बाबांनी.

डॉक्टर गेल्यावर आईने तोंड उघडलं. मला वाटलं, ती माफी मागेल. मी अजून लहान आहे बहुतेक.

“घरात नर्स असून म्हाताऱ्या माणसाची ही अवस्था व्हावी?” ती म्हणाली. “नाक होतं ना तुम्हाला?”

“होतं,” आत्या म्हणाली. “मी बंद करून ठेवलं होतं.”

“बघा. स्वतःच म्हणताय.”

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी जेवताना बाबांनी वर्तमानपत्र स्वतःहून खाली ठेवलं, आणि तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट येतंय.

“छोटे, आता तू घरीच थांब,” ते म्हणाले. “अप्पांना तुझी गरज आहे. कोर्स काय, पुढे केव्हाही करता येईल.”

“मीही तेच म्हणणार होते,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम मऊ, लोण्यासारखा. “तुम्हाला त्यातलं कळतं, वन्सं. घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला?”

“पण आधी वास येतो म्हणून सोडायचा होता ना?” मी म्हणाले. “आता वास काढता येतो म्हणून सोडायचा?”

“तू जेव.”

मी आत्याकडे बघितलं. म्हटलं, आता ही मान ताठ करेल, हात कमरेवर ठेवेल. तिने भात कालवला. “चार दिवस रजा टाकते आत्ता,” ती म्हणाली. “मग मोठ्या सिस्टरना कळवते, की जमणार नाही.” तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. तिला वाटत होतं की ही शिक्षा बरोबर आहे. मला त्या दिवशी आईचा जितका राग आला त्याच्यापेक्षा जास्त तिचा आला.

“तू वेडी आहेस,” मी तिला अंगणात म्हणाले.

“असेन.”

“त्यांनी लपवलं. आणि तुझ्यावर घातलं.”

“ते घाबरले होते. मीही घाबरूनच बाम लावत होते. तू कशाला नाक खुपसतेस?”

“माझंच नाक चालू होतं, म्हणून.”

यावर ती हसली नाही. पण चारही दिवस मी तिच्या मागे लागले. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर. हात कुठपर्यंत धुवायचे, कोणतं कापड कुठे धरायचं, जुनी पट्टी ओली करून कशी सोडवायची, म्हणजे कातडी ओढली जात नाही. कोणता रंग चांगला, कोणता वाईट. आणि पट्टी काढल्यावर पहिल्यांदा काय करायचं, तर वास घ्यायचा. आत्या तेव्हा अगदी जवळ वाकते. पहिल्यांदा मला ते बघवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने मला वाकायला लावलं. “काल कसा होता? आज कसा आहे?” मी म्हटलं, कमी गोड. ती म्हणाली, “बरोबर.” त्या दिवशी सगळं मी केलं आणि ती मागे हात बांधून उभी राहिली. माझं तोंड मात्र सुरू होतं. आमच्या इतिहासाच्या सरांबद्दल मी आजोबांना सगळं सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी आत्या मोठ्या सिस्टरना भेटायला निघायची तयारी करत होती. केस विंचरत होती, फार वेळ. मी आजोबांच्या पलंगाजवळ गेले. ते भिंतीकडे तोंड करून होते, कारण त्यांची डावी कूस चालू होती.

“आजोबा, तुमचं सकाळचं मी करू का? रोज?”

त्यांनी भिंतीवर नख घासलं.

“नाहीतर आत्याला कोर्स सोडावा लागेल. ती आत्ता जातेय सांगायला.”

त्यांचं नख भिंतीवर फिरत राहिलं.

“तुम्ही सोड म्हणत होता. अजून म्हणताय का, तेवढं सांगा. मला खरंच ऐकायचंय.”

बाहेर आत्याच्या चपला वाजल्या.

“तू फार बोलतेस,” आजोबा भिंतीला म्हणाले.

“हो.”

“करताना बोलू नकोस.”

मी म्हटलं, प्रयत्न करते. आणि त्यांचा हात मागे आला, उशीच्या कडेने, काहीतरी शोधत. मी पुढे झाले तेव्हा कळलं, त्यांना फक्त चादर वर ओढून हवी होती. मी ओढली.

मग मी धावत बाहेर आले आणि दारात आत्याला अडवलं. “पिशवी ठेव,” म्हटलं. ती “काय झालं, अप्पांना काय झालं?” विचारू लागली. मी तिचा हात धरून तिला तशीच, चपलांसकट, स्वयंपाकघरात नेलं. आई भाजी निवडत होती. बाबा समोर बसून खोकल्याच्या बाटलीवरचं वाचत होते.

“मी ठरवलंय,” मी म्हणाले. “आत्या उद्यापासून ड्युटीवर जाणार. आजोबांचं सकाळचं ड्रेसिंग शाळेच्या आधी मी करणार, संध्याकाळचं ती आल्यावर करेल. मी त्यांना विचारलंय आणि ते हो म्हणालेत. मला फक्त एक माणूस धरायला लागतं, आणि दिवसा त्यांची कूस बदलायला. तुमच्या दोघांपैकी कोण, ते तुम्ही सकाळपर्यंत ठरवा.”